घरी शिकलेल्या मुलास कॉलेजला लावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ज्यांनी मूल शाळेत घातले नाही, घरीच शिकवले, आणि ते मूल आता सोळा वर्षांचे होऊन ‘मला कॉलेजला जायचंय’ म्हणू लागले आहे, अशा कोल्हापूर शहर व परिसरातील पालकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. मुलाला काय येते याचा विचार येथे केलेला नाही. प्रवेशाच्या वेळीही तो होत नाही.

पायरी पहिली : नातेवाईक

हे काम कोल्हापुरात इतर गावांपेक्षा अवघड आहे. याच संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड ठेवला. त्यामुळे प्रत्येक बारशाला, जावळाला कोणी ना कोणी तो रुपया तुमच्याकडून वसूल करायला बसलेले असते. अशा वेळी ‘खुद्द महाराजही राजकोटनंतर धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली शिकले’ हा मुद्दा काढू नये. “मग तू फ्रेझर हाईस व्हय?” या प्रश्नाला होमस्कूलिंगच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही.

मुंबईच्या मुलीचे उदाहरणही जपून वापरावे. दहावी-बारावी न केलेली ही मुलगी प्रोग्रामिंग ऑलिंपियाडच्या पदकांवर 2016 साली एमआयटीत दाखल झाली. आयआयटीला मात्र पदके चालणार नव्हती, बारावी हवी होती. गोष्ट खरी आहे, पण ती ऐकून मामा हमखास विचारतात, “एमआयटी म्हंजे कोथरूडची न्हवं?” इथून पुढे अमेरिकेपर्यंत पोहोचायला एक अख्खी पंगत उठते.

पायरी दुसरी : दाखला

मूल शाळेत जात होते, हे ते शाळेतून निघून गेल्याच्या कागदावरून सिद्ध होते. तुमच्या मुलाने शाळा सोडलेली नाही, कारण धरलेलीच नव्हती. हा युक्तिवाद बिनतोड आहे, म्हणूनच तो खिडकीवर करू नये. खिडकीपलीकडे शांतता पसरते आणि जेवणाची सुट्टी सुरू होते.

दोन वाटा आहेत. पहिली राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात, त्यामुळे लांब जावे लागत नाही. मूळ दाखला नसेल तर प्रतिज्ञापत्राची सोय आहे. मात्र 17 नंबर म्हटले की शेजारच्या काकू आवाज उतरवून “किती विषय ऱ्हायलं?” असे विचारतात. त्यांना पुस्तके दाखवू नयेत. पोहे द्यावेत.

दुसरी वाट 1989 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. तिथे एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. विज्ञानाशेजारी चित्रकलाही घेता येते. मुलाला स्वतःचे विषय स्वतः निवडायची सवय असतेच. ती इथे शेवटची पुरवून घ्यावी. पास झाल्यावर गुणपत्रकाबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र मिळते. पोर मंगळवार पेठेतून हललेले नसले तरी कागदोपत्री ते नोएडाहून आलेले आहे, हे कुटुंबाने एकदिलाने मान्य करावे.

प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स काढाव्यात. तीन लागतात. चौथी कोणती लागेल ते झेरॉक्सचे दुकान बंद झाल्यावर कळते.

पायरी तिसरी : बसणे

घरी शिकलेले मूल वाचताना पालथे पडते, कंटाळले की उठते, आणि एखाद्या गोष्टीत गुंतले की जेवायचे विसरते. या तिन्ही खोडी मोडाव्या लागतात. त्यासाठी एक लाकडी बाक आणावा. त्यावर मुलाला बसवून घरातल्या वडीलधाऱ्यांनी जुन्या नोट्स एका सुरात वाचाव्यात. विषय रंगू लागला की घंटा द्यावी. रोज हजेरी घ्यावी, ती 75 टक्के झाली की मूल शिकले असे समजावे. गैरहजर मुलाच्या जागी धाकट्या भावाने ‘प्रेझेंट सर’ म्हटल्यास त्याला रागावू नये. तोही कॉलेजचीच तयारी करतो आहे.

पायरी चौथी : प्रश्न

ही सर्वांत जुनी खोड. मूल विचारते, गुऱ्हाळात रस उकळताना भेंडीचे पाणी का घालतात? तुम्ही त्याला उसाच्या मळीबद्दल सांगत बसलात, मग दोघे मिळून गुऱ्हाळावर गेलात, आणि दुपार गेली. यापुढे कोणत्याही प्रश्नाला एकच उत्तर द्यावे : ‘हे अभ्यासक्रमात नाही.’ सुरुवातीला जीभ अडखळते. आठवड्यात सवय होते. महिन्याभरात मुलाचे प्रश्न गळून एकच उरतो : ‘हे परीक्षेला किती मार्कांना आहे?’ तो ऐकू आला की पेढे वाटावेत.

पायरी पाचवी : जर्नल

इथे मूल खरोखर अडकते. घरी त्याने दोऱ्याला नट बांधून लंबक केला, पन्नास झोके मोजले, आणि गुरुत्वाचे त्वरण 9.6 आले. दोरा किती लांब धरला, घड्याळाचे बटण किती उशिरा दाबले, यावर त्याने दोन दिवस डोके घातले. कॉलेजात हा वेळेचा अपव्यय आहे. उत्तर 9.8 हे आधी लिहावे, तेथून मागे येत रीडिंगे भरावीत, त्यांपैकी एक किंचित चुकवावे म्हणजे प्रयोग खरा वाटतो. गेल्या वर्षीच्या मुलाचे जर्नल मिळाल्यास उत्तम. सुवाच्य अक्षराला वेगळे गुण असतात, प्रामाणिक दोऱ्याला नसतात.

पायरी सहावी : समाजात मिसळणे

‘घरी शिकलेलं पोरगं चारचौघांत मिसळणार कसं?’ ही काळजी रास्त आहे. आजवर ते कुंभाराशी, केएमटीच्या कंडक्टरशी, सत्तर वर्षांच्या आजोबांशी आणि सात वर्षांच्या पोरांशी सारखेच बोलत आले आहे. आता त्याने फक्त स्वतःच्या वयाच्या, स्वतःच्या तुकडीतल्या मुलांशी बोलायचे आहे, तेही मागच्या बाकावरून. एवढ्या अरुंद समाजात मिसळायला सराव लागतोच. निदान ‘कुठल्या पेठेचा?’ आणि ‘फुटबॉलला कुणाकडनं?’ या दोन प्रश्नांची उत्तरे पाठ असावीत. पाटाकडील आणि दिलबहार या दोन्ही तालमी आपल्याला सारख्याच आवडतात, असे समतोल उत्तर देणारा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात एकटा पडतो.

पालकांच्या शंका

*मुलाला पुस्तक वाचत बसायची सवय आहे. ती लपवता येईल का?*
लपवायची गरज नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात पाठवावे. परीक्षा सोडल्यास तिथे कोणी बघणारे नसते.

*इतकी वर्षे आम्ही जे केले ते सगळे पुसून टाकायचे का?*
सगळे नाही. सुट्टीपुरते ठेवावे. उन्हाळ्यात शिक्षण, पावसाळ्यापासून कॉलेज, अशी विभागणी करून पाहावी.

*आमचे पोर विचारते, “मग कॉलेजला जायचं कशाला?”*
हे अभ्यासक्रमात नाही.