जिजी, तुमचा बिब्बा पोचला

जिजी,
तुमचा बिब्बा पोचला. भाच्याच्या गुडघ्यामागे पोचला, तिथून मांडीपर्यंत पोचला, आणि शेवटी पोराला घेऊन आम्ही कळंबहून धाराशिवला कातडीच्या डॉक्टरांकडे पोचलो.

चार वर्षांचं पोर. इसबाचा एक खाजरा चट्टा, एवढंच होतं. तुम्ही बिब्ब्याला सुई टोचून तो दिव्यावर धरलात आणि ते काळं तेल चट्ट्यावर लावलंत. त्या दिवशी काही झालं नाही, तर "बघा, मानवला" म्हणून गल्लीभर सांगून आलात. बिब्बा सवडीनं उततो, एक-दोन दिवसांनी. मग फोड आले, फुटले, पाणी वाहू लागलं. त्यावर तुमचं निदान, "विष बाहेर पडतंय, पडू द्या." काय ही विद्वत्ता! धोबी कपड्यांवर खुणा करायला हेच तेल वापरायचे, कारण ती खूण धुऊन जात नाही. वैद्यसुद्धा विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध केल्याशिवाय बिब्बा औषधात घेत नाहीत. तुम्हाला मात्र पोराची सोललेली कातडी बरी सापडली.

लसणाचा लेप आणि रुईचा चीक यांचा हिशेब नंतर करू. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय दिलेल्या कडक स्टेरॉइडच्या ट्यूबचाही. 2018 पासून तशी विक्री करायला मनाई आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

पण "मलमानं इसब दाबलं की दमा होतो" हे जे माझ्या बहिणीच्या डोक्यात भरवलंत, ते मी विसरणार नाही. इसब असलेल्या पुष्कळ पोरांना पुढे दमा होतो. मलम लावा नाहीतर लावू नका. त्या धास्तीनं तिनं डॉक्टरांचं मलम फडताळात टाकलं आणि पोर रात्र-रात्र रक्त येईस्तोवर खाजवत राहिलं. ते कळवळत होतं, जिजी, आणि तुम्ही विष बाहेर पडायची वाट बघत होतात!

हे तोंडावर सुनवायलाच तुमच्या ओट्यावर आलो होतो. तुम्ही पदर सावरलात आणि मान दिसली, कोपर दिसले. जाड, काळवंडलेली, भेगाळलेली कातडी, तिच्यावर बिब्ब्याचे जुने डाग. जन्मभर लोकांच्या रानात खुरपताना गाजरगवत उपटलंत, त्यानंही असं इसब उठतं. तुम्हाला कुणी कुठं नेलंच नाही. दवाखान्यात गेलं तर रोजगार बुडायचा.

सोमवारी पोराला पुन्हा दाखवायचंय. सकाळच्या गाडीत तुमची जागा धरतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, आधार कार्ड तेवढं घ्या. आणि तिथं डॉक्टरांना औषध सुचवू नका.

तुमचा,
पोराचा मामा