सोवळ्यातले डोळे

सातवीत माझ्या नाकावर चष्मा बसला तो बसलाच. पुढची सत्तावीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांना सोडून फक्त अंघोळीला आणि झोपायला गेलो. नंबर वाढत वाढत उणे सहावर येऊन थांबला. त्या जाड काचांआड माझे डोळे इतके बारीक दिसत, की मी वर्गाकडे बघतोय की डुलकी काढतोय हे पोरांना कळत नसे. मास्तर म्हणून या सोयीचा मी पुरेपूर फायदा घेतला.

शाळा धूलकोटला, घर बुऱ्हाणपुरात. रोज मोटरसायकलनं जाणं-येणं. मराठीत धूळकोट म्हणजे मातीचा तट. पण फाल्गुनात मक्याच्या ट्रॉलीमागून एकदा गाडी चालवून बघा. इथे धुळीचा कोट शिवून मिळतो, तोही मापाचा, हे लगेच पटेल. अशा गावात नोकरी करणाऱ्यानं कॉन्टॅक्ट लेन्स लावणं म्हणजे पिठाच्या गिरणीत काळा सूट घालून बसणं. पण मेहुण्याच्या लग्नाचा अल्बम आला. त्यात प्रत्येक फोटोत माझ्या डोळ्यांच्या जागी दोन पेटलेले दिवे. बायको एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही लेन्स का नाही लावत?" आमच्या घरात हा प्रश्न नसतो, ठराव असतो.

दुकानातल्या पोरानं उणे सहाच्या चष्म्यावर साडेपाचची लेन्स दिली. अर्धा नंबर मारला की काय, असं मला वाटलं. त्यानं समजावलं की चष्म्याची काच डोळ्यापासून बारा-एक मिलिमीटर लांब उभी असते. लेन्स थेट बुबुळावर बसते, म्हणून कमी नंबरात भागतं. म्हणजे सत्तावीस वर्षं मी तेवढ्या बारा मिलिमीटरचं भाडं भरत होतो.

मग त्यानं नियम सांगितले. नखं कापलेली हवीत. हात साबणानं धुऊन, कोरडे करून मगच डबी उघडायची. द्रव रोज बदलायचा, शिळा चालणार नाही. लेन्स लावून झोपायचं नाही, कारण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. तो आपला प्राणवायू थेट हवेतून घेतो. आणि लेन्सला पाणी लावायचं नाही. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळलेलंही नाही. साध्या पाण्यात अकँथामीबा नावाचा जीव असू शकतो आणि तो डोळ्याची पार वाट लावतो.

मला आजी आठवली. तिचं सोवळं कडक, पण त्यात एक सवलत होती: काही शिवलं तर पाणी शिंपडलं की भागायचं. इथे पाण्याचाच विटाळ! सूर्यकन्या तापी दाराशी वाहतेय. १६१५च्या सुमारास मोगल सरदार खानखानानं बांधवलेल्या कुंडी भंडाऱ्याचं पाणी सातपुड्याच्या पायथ्यापासून भुयाराभुयारांतून शहरात आणलेलं. त्यावर मोगलांच्या फौजा जगल्या. माझ्या लेन्सला दोन्ही वर्ज्य.

पहिल्या सकाळी मी आरशासमोर एक तास दहा मिनिटं उभा होतो. माझी पापणी म्हणजे जेवणाच्या सुट्टीतली बँक. बोट दिसलं की शटर खाली. लेन्स बोटाच्या टोकावर वाटीसारखी उभी राहिली तर सुलटी, कडा ताटलीसारख्या बाहेर वळल्या तर उलटी, असं पोरानं सांगितलं होतं. पण आरशात बघायला चष्मा लागतो आणि लेन्स घालायला चष्मा काढावा लागतो. आई दारात येऊन म्हणाली, "तुझ्या बापाला मी जन्मभर डोळ्यात बोट घालून दाखवलं रे, पण खरंखुरं बोट घालणारा तूच पहिला."

१८८८ साली फिक नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरानं काचेची लेन्स केली, तेव्हा ती आधी सशांच्या डोळ्यात बसवली आणि मग स्वतःच्या. आमच्याकडे ससा नव्हता. मऊ लेन्सचा जनक ऑटो विख्टर्ले मात्र अस्सल बुऱ्हाणपुरी वाटतो. या चेक रसायनशास्त्रज्ञानं १९६१च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून लेन्स ओतायचं यंत्र केलं, तेही घरी. आमच्याकडे यंत्रमागाची निम्मी दुरुस्ती अशीच होते. फोटोत हा गृहस्थ स्वतः चष्मा लावून बसलेला दिसतो. हे मला लेन्स विकत घेतल्यावर कळलं.

शाळेत पोचलो तर शिपाई घाबरला. "माटसाब, चश्मा गुम गया क्या?" नाही म्हटलं, तर त्यानं टेबलाखाली शोधायला सुरुवात केली. वर्गात शेवटच्या बाकावर मिशा फुटलेलं एक पोरगं दिसलं. ते वर्षभर तिथेच बसत होतं म्हणे. दिवसभर माझं बोट सवयीनं चष्मा वर सरकवायला जाई आणि नाकाच्या मुळाशी टोचून परत येई. काढून ठेवलेलं जानवं चाचपणाऱ्या माणसासारखं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आईनं वर्षाच्या तिखटासाठी आणलेल्या मिरच्या ओट्यावर पसरल्या आणि देठं खुडायला मला बसवलं. निमाडची मिरची. नंतर तीन वेळा साबणानं हात धुतले, हुंगून बघितले, कोरडे केले. सोवळं पूर्ण. मग लेन्स काढायला बोट डोळ्याला लावलं.

पुढचं मी सांगत नाही. शेजारच्या काकू धावत आल्या एवढं सांगतो. तिखटाचं तेल साबणाला सहज दाद देत नाही, आणि मऊ लेन्स म्हणजे स्पंज, निम्मी पाणीच. ती ते शोषून घेते. त्यामुळे सकाळी तीच लेन्स पुन्हा घातली तेव्हा कालचा सगळा कार्यक्रम पहिल्यापासून झाला. महिन्याची जोडी पाचव्या दिवशी कचऱ्यात. बायकोनं नवी आणवली. ठराव अजून कायम होता.

नवी जोडी घालून आठव्या दिवशी धूलकोटच्या होळीआधीच्या भगोरिया हाटात गेलो. मांदल घुमतोय, बासऱ्या, झोपाळे, चांदीचे दागिने, गुलाल, आणि हजारो नाचत्या पायांनी उठवलेली धूळ. पाच मिनिटांत दोन्ही डोळ्यांतून धारा. माझा एक जुना विद्यार्थी मित्रांसोबत भेटला, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे गॉगल. त्यानं काही विचारलं नाही, दंडाला धरून दुकानावर नेलं आणि घासाघीस करून ऐंशी रुपयांत एक हिरव्या काचांचा गॉगल माझ्या नाकावर बसवला. धूळ थांबली. बोट आपोआप वर गेलं, मधली दांडी सापडली, मी ती नीट वर सरकवली.

समोरून शिपाई येत होता. मला बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

"मिल गया, माटसाब?"