अरुण-प्रभावर जीव कसा लावावा : नवशिक्या नाशिककरांसाठी

हे मार्गदर्शन अशांसाठी, ज्यांनी अरुण (अमोल पालेकर) आणि प्रभा (विद्या सिन्हा) यांचा ‘छोटी सी बात’ हा चित्रपट एकदाही पाहिलेला नाही. किंवा घरातली मोठी माणसं टीव्हीवर तो पाहत हसत होती तेव्हा जे मोबाइलात डोकं घालून बसले होते. अमोल पालेकरांचं नाव निघताच ज्यांच्या आत्याचा आवाज आपोआप मऊ होतो, त्यांनी आत्याला विचारावं. ती हेच सांगेल, फक्त जास्त वेळ घेऊन.

पूर्वतयारी. प्रथम न्यूनगंड सोडा. पडद्यावरची जोडी ही मुंबईची मिरासदारी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1917 मध्ये ‘लंकादहन’ काढला, त्यात राम झाले होते अण्णा साळुंके. आणि सीता? तीही अण्णा साळुंकेच. हे गृहस्थ आधी मुंबईत ग्रँट रोडच्या एका खाणावळीत कामाला होते. सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी त्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केलं, आणि चार वर्षांनी थेट पती-पत्नी दोघंही. गोष्ट विरहाची होती म्हणून निभावलं. पडद्यावर राम आला की लोक चपला काढून बसत, असं सांगतात. म्हणजे जोडी जमायला नायक-नायिका दोन हवेत हीसुद्धा अट नाही. बाकीचं प्रेक्षक जमवून घेतो. फाळके स्मारकाच्या सहलीत हे कुणी सांगितलं नसेल तर आता लक्षात ठेवा.

साहित्य. नोकरी करणारा एक मुलगा, नोकरी करणारी एक मुलगी, एक बसथांबा, प्रतिस्पर्ध्याची एक स्कूटर. खलनायक लागत नाही. श्रीमंत बाप, गरीब बाप, जळता वाडा यांतलं काहीही लागत नाही. नाशिककरांची खरी अडचण बसथांब्याची आहे. शालिमार ते नाशिकरोड शेअर रिक्षात मागे तिघं कोंबून बसल्यावर ‘बोलू की नको’ हा प्रश्न पडायला जागाच उरत नाही. अरुणची गोष्ट घडायला रांग हवी, आणि रांगेत तिच्यामागे दोन माणसं सोडून उभं राहायला लागणारा भित्रेपणा हवा.

आता काळ समजून घ्या. 1975 मध्ये ‘दीवार’ आला, ‘शोले’ आला. लोकांनी पडद्यावर संतापायची सवय करून घेतली होती. त्यानंतर 1976 च्या सुरुवातीला हा अरुण आला, ज्याला संताप सोडाच, साधं ‘एक्स्क्यूज मी’ धड म्हणता येत नाही. त्याची फजिती करणारा नागेश (असरानी) स्कूटरवरून येतो आणि थांब्यावरून प्रभाला उचलून नेतो. आज हे किरकोळ वाटेल. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. स्कूटर म्हणजे निम्मं लग्न ठरल्यासारखं होतं. अरुण बिचारा ईर्ष्येने मोटरसायकल घेतो, तर ती भर रस्त्यात बंद पडते. हॉटेलात नागेश ‘चिकन आलापूस’ मागवतो आणि बिल कुणाच्या माथी, हे सांगायला नको. सुट्या पैशांचा हिशेब करत कधी कुणाला चहा पाजला असेल, तर या प्रसंगात तुमचा हात आपोआप खिशाकडे जाईल. जाऊ द्या. तोच पहिला धडा.

हे सगळं खरं वाटतं त्याला कारणं आहेत. पालेकर सिनेमात येण्यापूर्वी बँक ऑफ इंडियात नोकरी करत होते. फाइल कशी धरायची हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. दिग्दर्शक बासू चटर्जी पूर्वी ‘ब्लिट्झ’मध्ये व्यंगचित्रं काढायचे. माणूस हास्यास्पद दाखवायचा, पण हलका करायचा नाही, ही ओढ त्यांच्या हातात तिथूनच आली असावी. गंमत पाहा, अरुण ज्याच्याकडे प्रेमाची शिकवणी लावतो त्या खंडाळ्याच्या कर्नलकडे (अशोककुमार) सल्ला मागायला खुद्द अमिताभ बच्चनही येऊन जातो. मूळ कल्पना ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या 1960 च्या इंग्रजी चित्रपटाची; पण त्या चित्रपटाच्या नायकाला आपल्याकडच्या कुठल्या आत्याने कधी भाचा मानलं नसतं.

मुख्य कृती इथून पुढे. बहुतेक नवशिके अरुणकडे पाहत बसतात. चूक. प्रभाकडे पाहा. हा मुलगा रोज मागे येतो, हे तिला पहिल्यापासून माहीत आहे. ती मैत्रिणीशी त्यावर बोलते, हसते, आणि तो खंडाळ्याला जाऊन दिसेनासा होतो तेव्हा तिची नजर थांब्यावर त्याला शोधते. विद्या सिन्हांच्या चेहऱ्यावर ते हसू ओठांपर्यंत येऊन थांबतं, फार खाली जात नाही, फार वर चढत नाही. आपण चित्रपट पाहतो तो तिच्या बाजूने, कारण जे अरुणला कळलेलं नाही ते तिला आणि आपल्याला दोघांनाही कळलेलं आहे. लोक म्हणतात, ही साध्या माणसाची गोष्ट. माझं मत वेगळं आहे: ही एका शहाण्या, थोड्या खट्याळ, संयमी बाईची गोष्ट आहे, जिला साधा माणूस आवडतो. नायक बावळट असूनही मुलींना हा चित्रपट आवडतो तो म्हणून.

एक जागा निसटू देऊ नका. अरुण थिएटरात बसला आहे, पडद्यावर धर्मेंद्र-हेमामालिनीचं गाणं चालू आहे, आणि बघता बघता त्या दोघांच्या जागी त्याला तो आणि प्रभा दिसू लागतात. सर्कल किंवा विजयानंदच्या खुर्चीत बसून आपल्या आधीच्या पिढीने हेच केलं. चित्रपटाने प्रेक्षकाची चोरी पकडली, आणि वर त्याला हसवलं.

प्रात्यक्षिक. हे मात्र करायचं नाही. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या पासधारकांत एखादा अरुण असेलच. पण त्याने स्टेशनपासून ऑफिसपर्यंत कुणाच्या मागे चालू नये. कुणा बाईचा असा पाठलाग करणं हा 2013 पासून गुन्हा आहे, आणि नव्या न्याय संहितेचं कलम 78 अशोककुमारला ओळखत नाही. प्रभाला अरुण आवडत होता, हे पटकथेत लिहिलं होतं. तुमच्या डब्यातल्या बाईंनी तसं काही लिहून दिलेलं नाही.

पुढचा अभ्यासक्रम : ‘रजनीगंधा’, 1974, मन्नू भंडारींच्या कथेवरून. तीच जोडी, पण इथे पालेकर उशिरा येतात, ऑफिसचं राजकारण सांगत बसतात, आणि दीपाला मुंबईत भेटतो तो वेळ पाळणारा जुना मित्र. ती कुणाला निवडते ते पाहा, मग घरी चर्चा करा. नवरा-बायकोंनी वेगवेगळ्या खोलीत केलेली बरी.

कसोटी अशी. ‘छोटी सी बात’ दुसऱ्यांदा लावा. अरुणवर हसू आलं तर तुम्ही अजून नवशिके. प्रभासाठी थांब्यावर जीव अडकला तर प्रगती चांगली. आणि शेवटी नागेशचीच दया येऊ लागली, तर पुरे. पुढचं शिकवण्याजोगं आमच्याकडे काही नाही.