किती जीबी नव्हे, डिकोडर कोणता?

"किती जीबीचं देऊ?" लॅमिंग्टन रोडवर काउंटरपलीकडून हा प्रश्न येतो आणि बजेटमधल्या ग्राफिक्स कार्डाचा सौदा तिथेच बिघडतो. घरच्या टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरसाठी जीबी बघून कार्ड घेणं म्हणजे पायाचं माप सोडून चामड्याच्या वजनावर चप्पल घेणं.

गेल्या महिन्यात बहिणीकडे भाच्याची मुंज टीव्हीवर बघायला बसलो. मोबाइलवर फोर-केमध्ये घेतलेली, एचईव्हीसी पद्धतीने दाबलेली फाइल. टीव्हीखाली ऑफिसातून निवृत्त झालेला डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, त्यात कौतुकाने बसवलेलं चार जीबीचं कार्ड. मातृभोजन सुरू झालं आणि घास बहिणीच्या हातात तसाच थांबला. आवाज पुढे गेला, चित्र मागे राहिलं, डब्यातला पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, आणि कार्डाच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड'ची रेघ शून्यावर आडवी.

ती रेघच खरं सांगते. दाबून बारीक केलेला व्हिडिओ उलगडणारा एक छोटा भाग चिपमध्ये असतो, तोच डिकोडर. समोरच्या फाइलची भाषा त्याला येत नसेल तर सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर, आणि चार जीबी नुसते बसून.

२०१६ सालचं जीटी ७१० आजही स्वस्त म्हणून गळ्यात मारतात. त्याला एचईव्हीसी येत नाही. त्याचं एचडीएमआय जुनं, फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतं. ६० फ्रेमचे क्रिकेट हायलाइट्स त्यावर लावून बघा, सीमारेषेकडे निघालेला चेंडू उड्या मारत जातो. २०१७ सालचं जीटी १०३० बरं: दहा बिटचं एचईव्हीसी येतं, फोर-के ६० वेळा जातं, तीस वॉटमध्ये भागतं, एसएमपीएसकडून वेगळी वायर लागत नाही. पण यूट्यूबवर दिवसेंदिवस वाढत चाललेलं एव्ही१ त्याला येत नाही. एएमडीच्या आरएक्स ६४०० लाही नाही, आणि ते तर २०२२ चं! नवीन म्हणजे सगळं येणारं, हा समज तिथे मोडतो. एव्ही१ हवं असेल तर इंटेलचं आर्क ए३१० बघा.

जीटी १०३० घेताना खोका उलटा करून वाचा. याच नावाने दोन वस्तू विकल्या गेल्या. पहिलीत जीडीडीआर५ मेमरी, २०१८ मध्ये आलेल्या दुसरीत साधी डीडीआर४, मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांश. एकाच नावाखाली हे विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि एनव्हिडियासारख्या कंपनीने ती करावी याचा मला राग आहे.

त्याआधी मात्र प्रोसेसर कितव्या पिढीचा ते पाहा. इंटेलचा सातव्या किंवा पुढच्या पिढीचा असेल आणि त्यातच ग्राफिक्स असेल, तर दहा बिटचं एचईव्हीसी त्यालाच येतं. कार्डाचे पैसे वाचले. मागचं एचडीएमआय जुनं निघालं तर डिस्प्लेपोर्टला एचडीएमआय २.० चा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लावा, काम होतं. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही. त्याला कार्ड विकायचंय.

बहिणीकडे जीडीडीआर५ वालं जीटी १०३० आणलं. कॅबिनेट बुटकं, कार्डाची पट्टी उंच, झाकण लागेना. खोक्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत आखूड पट्टी होती. दोन स्क्रू काढले, पट्टी बदलली, झाकण बसलं. मुंज पुन्हा लावली. "दादा, पंखा बंद पडला का रे?" बहिणीने विचारलं. पंखा चालूच होता, फक्त ऐकू येत नव्हता. टीव्हीवर तिने भाच्याला घास भरवला.