कोवाल्स्की आजोबांचं गाव

शिकागो,
मार्चचा पहिला सोमवार

तीर्थरूप बाबांना वैजूचा शिरसाष्टांग नमस्कार.

शेजाऱ्यांचं आडनाव कळवलं, तर तुमचा उलट टपाली प्रश्न आलाच : "गाव कुठलं?" कोवाल्स्की आजोबांना तो जसाच्या तसा विचारला. म्हणाले, "सिसेरो." सिसेरो म्हणजे शिकागोला चिकटलेलं उपनगर. त्याच्या आधीचं? म्हणे, "पोलंड." बाबा, या गृहस्थांच्या लेखी अख्खा पोलंड म्हणजे एक गाव! शेवटी शोधायला मीच बसले.

'कोवाल' म्हणजे लोहार. लोहार गावोगावी, म्हणून कोवाल्स्कीही गावोगावी. पोलंडात त्यांच्याहून जास्त फक्त नोवाक, आणि नोवाक म्हणजे गावात नवा आलेला. थोडक्यात, त्या देशात पहिला नंबर उपऱ्यांचा. मागचं 'स्की' हे आपल्या 'कर'सारखं. तार्नूव्हचे जहागीरदार ते तार्नोव्स्की. आधी हा सरदार-जमीनदारांचा थाट होता, मग लोहारांच्या पोरांनीही तो उचलला. त्यामुळे सगळे कोवाल्स्की एकमेकांचे भाऊबंद नाहीत. वाटणीचे दावे वाचले.

१७९५ ते १९१८ पोलंड नकाशावर नव्हताच; रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. त्या काळात लाखो पोलिश माणसं इकडे आली, त्यांच्याच शब्दांत 'भाकरीसाठी'. इथल्या कत्तलखान्यांत, पोलादाच्या कारखान्यांत राबली. आजोबांच्या आजोबांच्या कागदावर देश लिहिलाय ऑस्ट्रिया! आता सांगा, तुमच्या वहीत मी कुठलं गाव लिहू?

इथे जो तो सांगतो की बंदरावरच्या साहेबाने आमचं आडनाव कापलं. तो साहेब बिचारा बोटीवरून आलेली यादी समोर ठेवून काम करायचा. आडनावं बहुतेकांनी नंतर स्वतःच छाटली. एडमंड मस्की १९८० साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. त्यांचे वडील आले तेव्हा मार्चिशेव्स्की होते. बायकांचं तर शेपूटच बदललं. पोलंडात नवरा कोवाल्स्की, बायको कोवाल्स्का. इथे आजीही कोवाल्स्कीच.

आज इथे पुलास्की दिन आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७९ साली मेलेला हा पोलिश सरदार. १९३३ साली त्याचं नाव एका मोठ्या रस्त्याला दिलं, तर तिथले व्यापारी जवळजवळ वीस वर्षं कोर्टात भांडले. हे वाचून मला अगदी कोल्हापुरात असल्यासारखं वाटलं. गंमत म्हणजे खुद्द पोलंडात त्याला 'पुवास्की' म्हणतात. आणि कोवाल्स्कीतला 'व' पोलिश माणूस दात ओठाला लावून म्हणतो, अमेरिकन ओठांचा चंबू करून. आपला एकच 'व' दोघांनाही चालतो. दोन्हीकडून शाबासकी मिळते.

आमची मात्र पंचाईत. औषधाच्या दुकानातली मुलगी विश्निएव्स्की, श्चेपान्स्की धडाधड हाका मारते, आणि गडहिंग्लजकर आलं की नुसती मान वर करून माझ्याकडे बघते. मी उठून जाते.

कोवाल्स्की आजोबांना मी वळिवड्याचं सांगितलं. युद्धात सैबेरियाला हाकललेले पोलिश लोक इराणमार्गे आले आणि १९४३ ते १९४८ आपल्या कोल्हापूरशेजारी राहिले, सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, सगळं होतं. त्यांचा विश्वास बसेना. "भारतात? कोवाल्स्की?" म्हणाले. मी म्हटलं, पाच हजारांत एखादा तरी लोहार असणारच.

तेव्हा बाबा, तुमच्या त्या वळिवड्याच्या मित्रांना गाठा, जुन्या छावणीच्या खुणा जिथे उरल्या असतील तिथले दोन-चार फोटो काढा आणि पाठवा. आईला सांगा, मेतकूट संपलं.

तुमची,
वैजू