गाडी एकदम मख्खन!

नगरला माळीवाड्यात, सावेडीत, केडगावात, कुठल्याही चहाच्या टपरीपाशी उभे राहा, सिंथेटिक भाऊ भेटणारच. खूण सोपी. कप ओठाला, पण कान दुसऱ्याच्या गाडीकडे. तुम्ही स्टँड लावता न लावता तोच विचारणा होते, "शेठ, इंजिनात मिनरल ऑइल टाकता ना?" डॉक्टर "तंबाखू खाता ना?" म्हणतो, तोच सूर.

भाऊंची स्वतःची गाडी एमएच-१६ची जुनी स्प्लेंडर. तिच्या पोटात जेमतेम लिटरभर ऑइल मावतं. तिथे त्यांनी दुप्पट पैसे मोजून फुल सिंथेटिक ओतलं आणि पावती आरसी बुकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवली. २०२४ पासून शहर सरकारदरबारी अहिल्यानगर झालं, तरी लोकांच्या तोंडातलं नगर सुटत नाही. भाऊंनी मात्र एका दुपारात मिनरल सोडलं, ते सोडलंच.

त्यांचं ज्ञान कच्चं नाही, हीच तर पंचाईत. मिनरल ऑइल कच्च्या तेलातून गाळून निघतं, त्यात लहानमोठे रेणू एकत्र नांदतात. सिंथेटिकचे रेणू कारखान्यात सारखे घडवलेले, म्हणून ते तापलं तरी टिकून राहतं, हे ते बिनचूक सांगतात. कारचं ऑइल मोटारसायकलला घालू नका, इथे क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, घसरायला लागेल. डब्यावर 'जासो एमए' बघूनच घ्या, हेही शंभर टक्के खरं. पण मग डब्यावरच्या '५डब्ल्यू' ग्रेडचा विषय निघतो. उणे तीस अंशांतल्या गारठ्यातही इंजिन फिरेल, असं सांगताना भाऊंचा गळा दाटून येतो. नगरमध्ये! जिथे मे महिन्यात सीटवर फडकं टाकल्याशिवाय बसवत नाही.

मिस्तरीनं एकदा हळूच सुचवलं, "भाऊ, तुम्ही केडगावातून निघता नि दिल्ली दरवाजाला थांबता. ऑइल नीट गरम होतंय तोवर तुमचं दुकान येतं." भाऊंनी मिस्तरी बदलला.

भाऊंच्या वडिलांकडे लुना होती. १९७२ साली आलेली ही लुना ज्या कायनेटिकची, तिचा एक कारखाना नगरच्याच दौंड रोडला. टू-स्ट्रोक कारभार: ऑइल पेट्रोलातच मिसळायचं, पुढे वडील, मागे निळा धूर. त्या माणसानं जन्मात ऑइलवर एकच भाष्य केलं, "टाक की थोडं." मुलगा मात्र व्हीआरडीईतल्या पाहुण्याचा हवाला देतो. लष्कराच्या गाड्या तपासणाऱ्या त्या संस्थेत पाहुणा नेमका काय करतो, असं विचारलं की भाऊ क्लच प्लेटकडे वळतात.

मला भाऊंची दयाही येते. नवा सायलेन्सर लावला तर गल्लीला कळतं, सीट कव्हर बदललं तर शेजारीण विचारते. ऑइल बिचारं आत. इंजिनाचं काम निघालं नाही, ही काय चारचौघांना दाखवायची गोष्ट आहे? तेव्हा इंजिनाचा जेवढा आवाज कमी झाला, तेवढा भाऊंना स्वतःला करावा लागतो.

"ऐका. काय ऐकू येतंय?"

"काही नाही, भाऊ."

"तेच तर म्हणतो ना राव! मख्खन!"

घरी वेगळाच कायदा. तिथे रिफाइंड तेलाला बंदी. कारखान्यातलं पोटात जाता कामा नये, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेलच हवं, भले ते कितीही महाग पडो. वहिनींनी एकदा विचारलं, "गाडीला कारखान्याचं नि आम्हाला घाण्याचं, असं का?" भाऊ म्हणाले, "इंजिनाला टेंपरेचर असतं." वहिनी तव्यापाशी उभ्या होत्या. पुढे काही बोलल्या नाहीत.

गाडीतून काढलेलं जळकं ऑइल भाऊ मिस्तरीकडे सोडत नाहीत. सिंथेटिक आहे, फुकट कसं द्यायचं? बाटलीत भरून घरी आणतात. थोडं दाराच्या चौकटीला, वाळवी लागू नये म्हणून. उरलेलं फाटकाच्या बिजागरीला. पूर्वी ते फाटक करकरायचं, आणि शेजारी सावध होऊन मागच्या दारानं निसटायचे. आता भाऊ थेट ओट्यावर येऊन टेकतात, तेव्हाच कळतं.