प्लगवाले काका

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचा मोसम उघडतो आणि वरसाव्याच्या आसपास, जिथे घोडबंदर रस्ता अहमदाबाद महामार्गाला मिळतो, तिथल्या रिसॉर्टवाल्यांची आणि लॉन्सवाल्यांची धांदल उडते. चातुर्मासात मुहूर्त नसतात. पावसात ओल्या गवतावर चाकांचं मशीन नीट चालत नाही, म्हणून वाढलेलं गवत माळी खांद्याला अडकवायच्या ग्रास कटरने उडवतो आणि लॉनमोवर आषाढापासून शेडमध्ये पडून राहतो. कार्तिकात तो बाहेर निघतो. माळी दोरी ओढतो, मशीन खोकतं आणि गप्प बसतं. पुन्हा दोरी, पुन्हा खोकला. हा आवाज ऐकून एक गृहस्थ हजर होतात. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. हात मागे बांधून ते थोडा वेळ बघतात, ‘च्च’ करतात आणि विचारतात, "प्लग बघितला का?" नावगाव दर लॉनवर वेगळं, निदान मात्र एकच. दुसरा कोणी कार्बोरेटरचं नाव काढू लागला तर काका त्याच्याकडे अशा नजरेने बघतात, की जणू सर्दीला ऑपरेशन सुचवलंय.

काका प्लग काढतात यात काहीच गैर नाही. गैर आहे ते न बघता पुसण्यात. इंजिनाच्या पोटात काय चाललंय हे बाहेर येऊन सांगणारा तो एकमेव साक्षीदार. टोक पेट्रोलने ओलं असेल, तर पेट्रोल येतंय, किंबहुना जरा जास्तच आलंय. ठणठणीत कोरडं असेल, तर ते पोचतच नाही. मग टाकी, कॉक, कार्बोरेटर बघायचा. काळी भुरभुरीत काजळी असेल, तर एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक ओढलेलाच राहिलाय. ही तिन्ही उत्तरं फुकट आणि नुसत्या डोळ्यांनी मिळणारी. पण प्लग हातात पडताच काका तो शर्टाच्या टोकाला पुसतात, खिशातल्या पॉलिश पेपरने घासतात, फुंकर मारतात आणि मग उजेडाकडे धरून एक डोळा मिटून तपासतात. तोवर तो ओला होता की कोरडा, हे फक्त त्यांच्या शर्टालाच ठाऊक. पुढची परीक्षा ठिणगीची. प्लग कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि दोरी ओढायची. बऱ्याच मोवरना हँडलपाशी एक दांडा असतो. तो हँडलला धरून दाबला नाही तर ठिणगी बंद आणि दोरीही जड. काका इंजिनापाशी उकिडवे, माळी त्यांच्या शेजारी, दांड्यावर कोणाचाच हात नाही. ठिणगी येत नाही. "बघ, प्लग मेला!" आणि समजा कोणी चुकून दांडा धरला आणि निळी ठिणगी दिसलीच, तर निकाल असा, की ठिणगी आहे, पण तिच्यात जोर नाही.

हे ज्ञान आकाशातून पडलेलं नाही, आणि काकांना निव्वळ अडाणी म्हणणं अन्याय होईल. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकने महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना मेकॅनिक केलं. तिचं टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल जाळायचं, त्यामुळे प्लगच्या फटीत काजळी साचायची आणि प्लग घासला की स्कूटर खरोखरच चालू व्हायची. डिकीत प्लगपाना नसलेला स्कूटरवाला तेव्हा बेजबाबदार गणला जाई. तेवढ्याने भागलं नाही तर स्कूटर एका बाजूला आडवी करायची, मग किक. काकांची अडचण इतकीच, की गवतावरचं हल्लीचं मशीन बहुधा फोर-स्ट्रोक असतं. ऑइल त्याच्या पोटात वेगळं असतं. ते भलत्या कुशीवर, म्हणजे एअर फिल्टर खाली येईल असं आडवं केलं, की ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं. मग मशीन चालू झालंच तर असा पांढरा धूर सोडतं, की मंडपवाले मागे सरकतात. "कचरा जळतोय आतला," काका समाधानाने सांगतात. (१८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने लोकरी कापडाची लव कापायच्या यंत्रावरून पहिला मोवर बेतला. तो माणसाने ढकलायचा. त्याला प्लगच नव्हता, त्यामुळे त्या काळी काका काय करत असतील याची काळजी वाटते.)

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की बोलायला काय जातं, काकांच्या हातून मशीन चालू होतं ना! होतं, पुष्कळदा होतं. पण काका येण्याआधी माळ्याने चोक ओढून इतक्या वेळा दोरी ओढलेली असते, की सिलिंडर पेट्रोलने भिजलेला असतो. काका प्लग काढतात, पुसतात, चेतकच्या आठवणी सांगतात, चहा येतो. तेवढ्या वेळात उघड्या भोकातून जादा पेट्रोल उडून जातं. मग कोरडा प्लग बसवून, चोक ढकलून दोरी ओढली की मशीन धडधडू लागतं. गुण आला तो थांबण्याने आणि कोरडं होण्याने, श्रेय मिळालं पॉलिश पेपरला. प्लग कधी खरंच खराब असतो, हेही मान्य. मग तो बदलावा. मोठ्या खर्चाची ती वस्तू नव्हे. दरवर्षी घासून घासून दोन टोकांतली फट वाढवण्यापेक्षा ते बरं. ती फट जेमतेम पाऊण मिलिमीटरची असावी लागते, आणि काकांचं माप नखाचं.

कार्तिकातल्या मशीनचा खरा रोग बहुतेक वेळा आषाढातलं पेट्रोल हा असतो. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल हळूहळू उडतं आणि मागे चिकट राळ ठेवतं. सुईच्या टोकाएवढं जेटचं भोक तेवढ्याने बुजतं. शिवाय फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. वसईच्या खाडीला लागून असलेल्या वरसाव्यात पावसाळ्याच्या हवेत ओलाव्याला काय तोटा! ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनसारख्या छोट्या इंजिनांच्या कंपनीच्या पुस्तिका इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतात आणि महिन्याभरात पेट्रोल शिळं होऊ शकतं असंही बजावतात. उपाय सोपा आहे: शेडमध्ये ठेवण्याआधी टाकी रिकामी करायची, उरलंसुरलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. पण आषाढात, भर पावसात, हे बघायला कोण उभं राहणार? प्रेक्षक नाहीत तिथे काकाही नाहीत.

माळ्याला हे सगळं माहीत असतं. टाकीचं झाकण उघडताच व्हार्निशसारखा वास त्याला पहिल्यांदा येतो. काका गेल्यावर मशीन पुन्हा बंद पडतं, तेव्हा तो गुपचूप जुनं पेट्रोल ओतून टाकतो, वाटी सोडवून तांब्याच्या बारीक तारेने जेट मोकळा करतो आणि आपल्या मोटरसायकलमधलं थोडं ताजं पेट्रोल घालतो. संध्याकाळी मॅनेजर विचारतो, "काय झालं होतं रे?" पेट्रोल शिळं होतं म्हटलं, तर ते टाकीत कोणी ठेवलं हा पुढचा प्रश्न तयार. म्हणून तो सांगतो, "प्लगमध्ये कचरा होता साहेब, काकांनी काढला."